पुढची डावी सीट : सातारा-सांगलीच्या परदेशस्थांचा वाहनविचार

मनुष्य परदेशी स्थायिक झाला म्हणजे त्याच्या भाषेत, आहारात आणि पोशाखात कोणते फरक पडतात, याविषयी मराठीत विपुल लेखन झाले आहे. परंतु त्याच्या उजव्या पायाचे काय होते, या प्रश्नाकडे अभ्यासकांचे लक्ष म्हणावे तितके गेलेले दिसत नाही. डिसेंबरच्या सुट्टीत तीन आठवड्यांसाठी सातारा किंवा सांगली जिल्ह्यातील आपल्या गावी आलेला अभियंता भाड्याच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसला, आणि समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर मोठ्याने गाणी लावून रस्त्याच्या मधोमध डुलत येताना दिसला, की त्याचा उजवा पाय समोरच्या रबरी मॅटवर जीव खाऊन दाबला जातो. त्या मॅटखाली ब्रेक नाही हे त्यालाही ठाऊक असते आणि ड्रायव्हरलाही. तरीही पाय दाबला जातोच. प्रस्तुत लेखात या पायाची कारणमीमांसा करण्याचे योजिले असून, त्या निमित्ताने परदेशात गाडी चालवणे, तेथे गाडी भाड्याने घेणे आणि मायदेशी आल्यावर गाडी सांगणे या तीन भिन्न क्रियांचाही परामर्श घेतला आहे.

यांपैकी तिसऱ्या क्रियेचा शब्द प्रथम स्पष्ट करणे इष्ट होईल. या दोन जिल्ह्यांत गाडी भाड्याने ‘घेतली’ जात नाही, ती ‘सांगितली’ जाते. म्हणजे लग्नकार्यासाठी ज्या क्रियापदाने भटजी, आचारी आणि वाजंत्री सांगितले जातात, त्याच क्रियापदाने गाडीही सांगितली जाते. हा भाषेचा अपघात मानता येणार नाही. जी वस्तू घेतली जाते ती मुकाट्याने येते. जे सांगितले जाते ते स्वतःची मते, स्वतःची वेळ आणि स्वतःचा तंबाखू घेऊन येते. परदेशातून आलेला मनुष्य गाडी घ्यायला जातो आणि त्याला गाडी सांगावी लागते, या एका फरकातून पुढील बहुतेक घोटाळे उद्भवतात.

आता पायाचा भूमितीय विचार. भारतात वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून सुकाणूचक्र, अर्थात स्टिअरिंग, गाडीच्या उजव्या भागात असते. अमेरिका, जर्मनी, संयुक्त अरब अमिराती इत्यादी देशांत वाहने उजव्या बाजूने चालतात, म्हणून तेथे ते डाव्या भागात असते. याचा अर्थ असा की, कराडहून डॅलसला गेलेला मनुष्य तेथे वर्षभर ज्या पुढच्या डाव्या सीटवर बसून गाडी हाकतो, तीच पुढची डावी सीट त्याला गावी आल्यावर पाहुणा म्हणून सन्मानाने दिली जाते. सीट तीच, समोरची काचही तीच. फक्त त्या दोहोंमधले स्टिअरिंग कोणीतरी काढून शेजाऱ्याला दिलेले असते. अशा परिस्थितीत पायाने आपली नेहमीची कामगिरी बजावली, तर दोष पायाचा नसून आंतरराष्ट्रीय वाहतूक व्यवस्थेचा आहे, असेच म्हणावे लागेल. स्वीडन या देशाने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे आपली संपूर्ण वाहतूक डावीकडून उजवीकडे नेली, आणि त्यासाठी कित्येक वर्षे तयारी करून रस्तोरस्ती फलक बदलले. तासगावच्या मनुष्यास हेच स्थलांतर विमानातून उतरल्यावर, अर्धवट झोपेत, एकट्यानेच आणि कोणत्याही फलकाशिवाय करावे लागते, याची नोंद मात्र कोठेही होत नाही.

या स्थलांतराला इतिहासाची पार्श्वभूमी आहे. १७०८ साली शाहू महाराजांचा राज्याभिषेक होऊन सातारा राजधानी बनल्यानंतर येथील माणसे मुलूखगिरीला, म्हणजे परमुलखात जाऊन वसुली करण्याच्या मोहिमेला, बाहेर पडत आणि पावसाळ्यापूर्वी परत येत. आधुनिक मुलूखगिरीचे स्वरूप वेगळे आहे. १९४७ साली स्थापन झालेले सांगलीचे वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय आणि १९६० साली सुरू झालेले कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यांसारख्या संस्थांतून बाहेर पडलेल्या तरुणांपैकी अनेकांनी अटकेची हद्द विमानाने ओलांडली. आणि खानापूर, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांतील विटा परिसराच्या तरुणांनी गलाईच्या, म्हणजे जुने दागिने व सोनारकामातील कण वितळवून त्यातून शुद्ध सोने-चांदी वेगळे काढण्याच्या, व्यवसायासाठी भारतभरातील सराफ पेठा गाठल्या. पूर्वीचे स्वार घोड्यावरून परत येत, हे सर्व गाडीतून परत येतात. परंतु घोड्यावर दोन्ही बाजूंनी चढता येत असल्यामुळे त्या काळी डाव्या-उजव्याचा प्रश्न निर्माण झालेला दिसत नाही.

परदेशी जाणाऱ्या व्यक्तीची वाहनविषयक तयारी प्रादेशिक परिवहन कार्यालयात सुरू होते. १९४९ च्या जिनिव्हा येथील रस्ते वाहतूक करारान्वये आंतरराष्ट्रीय वाहनचालक परवाना नावाची एक पुस्तिका मिळते, जी एक वर्षापर्यंत चालते आणि मूळ परवान्याचे अनेक भाषांत भाषांतर करून धारकास गाडी चालवता येते असे जगाला कळवते. एमएच-१० म्हणजे सांगली, एमएच-११ म्हणजे सातारा आणि एमएच-५० म्हणजे कराड अशा क्रमांकाच्या गाड्यांवर तयार झालेला हा चालक कुंभार्ली घाट पावसाळ्यात, धुक्यात आणि समोरच्या ट्रकच्या मागच्या दिव्यांविना उतरलेला असतो, त्यामुळे जगाने या पुस्तिकेवर विश्वास ठेवावा अशी त्याची रास्त अपेक्षा असते. जग तसे करत नाही. ब्रिटन त्याला १२ महिने आणि जर्मनी तेथे राहायला आल्यापासून ६ महिने जुन्या परवान्यावर गाडी चालवू देते, आणि त्यानंतर पुन्हा परीक्षेस बसवते; दुबईत तर बहुधा आरंभीच शिकवणीच्या वर्गात नाव घालावे लागते. जो कुंभार्ली उतरला, तो आरशाकडे पाहताना मान पुरेशी वळवली नाही या कारणास्तव नापास होतो. परीक्षकाच्या लेखी आरसा पाहणे पुरेसे नसून पाहिल्याचे दिसणेही आवश्यक असते, आणि मराठी मुलाने आयुष्यभर पाहूनही न पाहिल्यासारखे करण्याचाच सराव केलेला असतो.

परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर नियमांचा प्रांत सुरू होतो. जर्मनीत कोणताही फलक नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याने आधी जावे असा नियम आहे. आपल्याकडील चौकात जो दुसऱ्याकडे पाहत नाही तो आधी जातो, आणि ज्याने एकदा नजर दिली त्याने थांबण्यास संमती दिली असे मानले जाते. अमेरिकेत चारही दिशांना थांबण्याचा फलक असलेल्या चौकात प्रत्येक गाडी पूर्ण थांबते आणि जी आधी आली ती आधी निघते. ही व्यवस्था वरकरणी रेशनच्या दुकानासमोरील रांगेसारखी वाटते. फरक एवढाच की, पोलीस नाही, दुकानदार नाही, मध्ये घुसणारा नाही, आणि तरीही रांग आहे. सांगलीहून नव्याने गेलेल्या चालकास या चौकात काही काळ आध्यात्मिक अस्वस्थता जाणवते. हॉर्नच्या बाबतीतही असाच अर्थभेद आहे. आपल्याकडे हॉर्न ही केवळ ‘येत आहे’ अशी वर्दी असून घाटातील वळणावर ती देण्याचा फलकच लावलेला असतो. तिकडे मात्र तोच ध्वनी शिवी समजला जातो, त्यामुळे पहिल्या आठवड्यात अनेक सभ्य मराठी गृहस्थ नकळत अनेकांना शिव्या देऊन बसलेले असतात.

या काळात शरीराच्या इतर अवयवांचाही गोंधळ होतो. आपल्याकडील बहुसंख्य गाड्यांत दिशादर्शक दिव्याची, म्हणजे इंडिकेटरची, दांडी स्टिअरिंगच्या उजव्या हाताला आणि पाणी पुसणाऱ्या वायपरची डाव्या हाताला असते. तिकडच्या गाड्यांत हे उलट असते. परिणामी वळण आले की हात इंडिकेटरसाठी उजवीकडे जातो आणि लख्ख उन्हात वायपर फिरू लागतो. स्वच्छ आकाशाखाली, कोरड्या रस्त्यावर, वायपर फिरवत डावीकडे वळणारी गाडी दिसली, तर आत नुकताच आलेला भारतीय आहे असा निष्कर्ष काढण्यास हरकत नसावी. त्यातच तिकडच्या भाड्याच्या गाड्या बहुधा स्वयंचलित गियरच्या असल्याने डाव्या पायास काही कामच उरत नाही, आणि बेकार झालेला डावा पाय नसलेला क्लच शोधता शोधता एखादे दिवशी ब्रेकवर पडून मागच्याला धक्का देतो. अशा रीतीने तिकडे डावा पाय नसलेला क्लच शोधतो आणि इकडे उजवा पाय नसलेला ब्रेक. दोन्ही पायांची नुकसानभरपाई निसर्गाने समान वाटून दिली आहे.

परदेशातील गाडीभाड्याचा व्यवहार हा मूलतः वाङ्‌मयीन व्यवहार आहे. गिऱ्हाईकास कित्येक पृष्ठांचा करारनामा दिला जातो, प्रत्येक रकान्यापुढे आद्याक्षरे घेतली जातात, क्रेडिट कार्डावर अनामत रक्कम अडकवली जाते, आणि अपघात झाल्यास नुकसान माफ करणारा विमा, त्या विम्यात न येणाऱ्या काचा व टायर यांचा विमा, असे विम्यांचे थर सुचवले जातात. आजोबांनी चाकाखाली लिंबू आणि बॉनेटवर नारळ एवढ्यात उरकलेला विषय येथे अर्धा तास चालतो. त्यानंतर गिऱ्हाईक गाडीभोवती प्रदक्षिणा घालून प्रत्येक ओरखड्याचे छायाचित्र काढते. या प्रदक्षिणेत देवळातल्यापेक्षा अधिक एकाग्रता असते. गाडी परत करताना इंधनाची टाकी घेतली तशी भरलेली असावी लागते. आगाऊ नोंदणी करतानाही विशिष्ट गाडीचे वचन मिळत नाही, तर अमुक गाडी ‘किंवा तत्सम’ मिळेल असे लिहिलेले असते. मराठी व्याकरणात संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द तत्सम आणि बदलून आलेला शब्द तद्भव म्हणतात. परदेशात तत्सम गाडी मिळते. साताऱ्यात सांगितलेली गाडी बहुधा तद्भव रूपात दारात येते. फोनवर इनोव्हा असते, सकाळी एर्टिगा होते, आणि लग्नसराई असल्यास बोलेरो. ‘ती गाडी पाव्हण्यांकडं गेलीया, पर ही बी नवीच हाय,’ असे स्पष्टीकरण मिळते, ज्यातील ‘नवी’ या विशेषणाचा संबंध गाडीशी नसून सीटकव्हरशी असतो.

परदेशस्थास खरे तर स्वतः चालवण्यासाठी गाडी हवी असते, परंतु तालुक्याच्या गावी अशी गाडी सहसा का मिळत नाही, याचे उत्तर कायद्यातही सापडते. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे खाजगी गाडी, पिवळ्या पाटीवर काळी अक्षरे म्हणजे चालकासह भाड्याची गाडी, आणि काळ्या पाटीवर पिवळी अक्षरे म्हणजे स्वतः चालवण्यासाठी भाड्याने मिळणारी गाडी, असा वर्णभेद आहे. यातील तिसऱ्या प्रकारासाठी केंद्र सरकारने १९८९ साली ‘रेंट अ कॅब’ योजना केली, आणि परवानाधारकाकडे किमान ५० गाड्या असाव्यात अशी अट तीत घातली. गावातील ‘ट्रॅव्हल्स’ या भारदस्त अनेकवचनी नावाच्या व्यवसायात प्रत्यक्षात दोन गाड्या, एक चुलतभाऊ आणि एक भिंतीवरचे कॅलेंडर एवढीच सामग्री असते. तेव्हा पन्नासाची अट पूर्ण होईपर्यंत गाडीबरोबर मनुष्य येणे अटळ आहे.

सांगितलेल्या गाडीस ‘स्पेशल’ म्हणतात. हा शब्द तिच्या दर्जाविषयी काही सांगत नाही, तर ती ‘वडाप’ नाही एवढेच सांगतो. वडाप म्हणजे ठरावीक मार्गावर माणशी भाडे घेऊन धावणारी जीप किंवा तत्सम गाडी, जिच्यात बसणाऱ्यास प्रवासी न म्हणता ‘सीट’ म्हणतात. वडापात एक सीट म्हणजे एक मनुष्य, आणि गाडीतील सीटांवर किती सीट बसतात याला भौतिकशास्त्राची मर्यादा नाही. ‘जरा सरकून घ्या’ या चार शब्दांनी... खरे तर तीनच शब्दांनी, परंतु चौथ्यालाही जागा होते... अवकाश प्रसरण पावतो. एसटीची वेळ टळली की खेड्यापाड्यांतील विद्यार्थी, दूधवाले आणि बाजारकरी यांना याच गाडीचा आधार असतो, हेही नमूद केले पाहिजे. स्पेशल गाडी करणाऱ्याची समजूत अशी असते की, आपण पूर्ण गाडीचे पैसे दिल्यामुळे ती आपल्यापुरती राहील. ही समजूत गावाच्या वेशीपर्यंत टिकते. ‘गाडी तिकडंच चाललीया न्हवं?’ असे विचारून आत्याबाई, त्यांची नात, कऱ्हाडला दवाखान्यात जायचे असलेले तात्या आणि कोणाच्या तरी घरी पोहोचवायचा भडंगाचा पुडा हे सर्व गाडीत येतात, आणि पाच जणांसाठी सांगितलेली स्पेशल काही मिनिटांत मूळ धर्मात परत जाते.

भाड्याच्या आकारणीत या प्रदेशाने अर्थशास्त्राला एक स्वतंत्र सिद्धान्त दिला आहे. लांबच्या प्रवासास दर किलोमीटरमागे पैसे ठरतात, परंतु दिवसाला किमान ३०० किलोमीटर धरण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. शिवाय टोल, पार्किंग, ड्रायव्हरचा भत्ता आणि मुक्काम पडल्यास रात्रीचे वेगळे. साताऱ्याहून कराड, पेठ नाका, आष्टा या मार्गाने सांगली सव्वाशे किलोमीटरच्या आसपास भरते, म्हणजे जाऊन-येऊन अडीचशे. उरलेले पन्नास किलोमीटर वापरले नाहीत तरी त्यांचे पैसे द्यावे लागणार, ही गोष्ट एकदा घरातील ज्येष्ठ स्त्रीच्या कानावर गेली की ते पन्नास किलोमीटर ताटात टाकलेल्या अन्नासारखे तिला डाचू लागतात. त्यामुळे परतीच्या वाटेत औदुंबर निघते. औदुंबरापर्यंत आल्यावर नरसोबाची वाडी राहिली याची रुखरुख लागते. तिथून मिरजेच्या मावशी जवळच असतात, आणि मिरजेला जाऊन मावशीकडे चहा न घेणे हे पुढील दहा वर्षे लक्षात ठेवले जाते. पन्नास किलोमीटर वाचवण्यासाठी ऐंशी किलोमीटर जादा धावून, रात्रीचा भत्ता देऊन, मध्यरात्री घरी परतलेले कुटुंब पूर्ण समाधानी असते, कारण काहीही वाया गेलेले नसते. परदेशस्थाने मोबाइलवर केलेला हिशेब वेगळे सांगत असतो, परंतु त्या हिशेबात पुण्य धरलेले नसते.

दराविषयीची बोलणी हा स्वतंत्र विषय आहे. विष्णुदास भावे यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले आणि मराठी रंगभूमीचा आरंभ झाला असे मानतात. या भागात नाट्यगुण तेव्हापासून आहेत की आधीपासून, हे गाडीमालकाशी बोलताना ठरवता येत नाही. ‘किती घेणार?’ या प्रश्नास मालक उत्तर देत नाही. तो दुखावला जातो. ‘तुमच्याकडनं जास्त घेणार हाय व्हय? घरची गाडी हाय. आधी जाऊन तर या.’ आकडा न सांगणे हा येथील सर्वांत महागडा आकडा आहे, हे परदेशस्थास उशिरा कळते. करारनामा नसतो, आद्याक्षरे नसतात. केवळ निघताना ड्रायव्हर मीटरवरचे किलोमीटर मोठ्याने वाचून दाखवतो, आणि गाडी सुटल्यावर पहिल्याच किलोमीटरात ‘आधी पंपावर घेऊ’ म्हणत डिझेलसाठी उचल मागतो. तिकडे टाकी भरून परत द्यावी लागते. इकडे टाकी भरल्याशिवाय प्रवासच सुरू होत नाही.

आसनव्यवस्थेत परदेशस्थ आणि गाव यांच्यातील तात्त्विक मतभेद उघड होतात. परदेशस्थाचा आग्रह असतो की मागे बसलेल्यांनीही सीटबेल्ट लावावा, आणि कायदाही त्याच्या बाजूने असतो; परंतु बेल्ट अडकवण्याची खाच नव्या मखमली सीटकव्हरखाली कायमची गाडली गेलेली असते आणि तिचे उत्खनन करण्यास ड्रायव्हर राजी नसतो. लहान मुलासाठी विमानातून आणलेली सुरक्षा-खुर्ची मधल्या रांगेत कशीबशी बांधली जाते. त्यावर आजी म्हणते, ‘अगं बाई, लेकराला खुर्चीला कशाला बांधलंय?’ आणि लेकरू उचलून मांडीवर घेते. सुरक्षिततेविषयीचे पुढील भाषण ऐकून घेतले जाते, मूल पुन्हा खुर्चीत बसवले जाते, रडते, आणि शेवटी आईबापांच्या हट्टापुढे आजी माघार घेते. हा लेखातील एकमेव वाद आहे, ज्यात परदेशस्थाचे म्हणणे निर्विवाद बरोबर असते, आणि म्हणूनच त्याला घरात त्या दिवशी चहा थोडा उशिरा मिळतो.

या सर्व व्यवस्थेचा मध्यबिंदू म्हणजे ड्रायव्हर. परदेशातील भाड्याच्या गाडीत नकाशाचे अॅप वाट दाखवते. येथे ते अॅप ‘पाचवड’चा उच्चार अशा काही पद्धतीने करते की ते गाव जपानमध्ये असावे असे वाटते. ड्रायव्हर मात्र भूगोल फाट्यांत मोजतो. फाटा म्हणजे मुख्य रस्त्यापासून गावाचा रस्ता जेथे फुटतो ती जागा. पुण्याकडून वाईला वळायचे तर सुरूर फाटा, साताऱ्याकडून पाचवड फाटा, आणि सांगलीसाठी महामार्ग सोडायचा तो पेठ नाक्याला. पुणे-बंगळूर महामार्गाचा क्रमांक ४ चा ४८ झाला, तरी ड्रायव्हरच्या दृष्टीने तो अजून ‘हायवे’च आहे, कारण क्रमांक बदलल्याने फाटे हललेले नाहीत. खंबाटकीत पुण्याहून येताना घाट चढावा लागतो आणि पुण्याकडे जाताना बोगदा लागतो, यामुळे ‘येताना लागलेला घाट जाताना कुठे गेला?’ असा प्रश्न परदेशात वाढलेली मुले विचारतात. त्याचे उत्तर देण्याआधी ड्रायव्हर खिडकीतून बाहेर पाहतो, जणू घाट होता तेथेच आहे याची खात्री करून घेत आहे. कोणत्या वळणावर कोणते हॉटेल, कोणत्या गावात गतिरोधक पांढरे पट्टे न मारताच वाढवला आहे, आणि मागे बसलेल्या पाहुण्यांच्या भावकीत कोणाचे कोणाशी बोलणे नाही, हे सर्व त्याला ठाऊक असते. परदेशात गाडी परत केली की व्यवहार संपतो. येथे ड्रायव्हर पुढच्या वर्षी मुलांची नावे आणि इयत्ता विचारतो.

काही परदेशस्थ या मध्यबिंदूस बाजूला सारून आतेभावाची पांढऱ्या पाटीची गाडी स्वतः चालवण्याचा निर्णय घेतात. येथे पहिला अडथळा परवान्याचा. केवळ परदेशी परवाना भारतात पुरत नाही, आणि कॉलेजात काढलेल्या भारतीय परवान्याची मुदत संपून एक वर्ष उलटले असल्यास, २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर, नूतनीकरणापूर्वी पुन्हा वाहन चालवून दाखवावे लागते. जर्मनीच्या वेगमर्यादा नसलेल्या महामार्गावर वर्षानुवर्षे गाडी हाकणारा गृहस्थ परिवहन कार्यालयाच्या मैदानात, अठरा वर्षांच्या मुलांच्या रांगेत, गाडी मागे घेऊन दाखवण्यासाठी उभा राहतो, तेव्हा समतेचे तत्त्व प्रत्यक्षात उतरलेले दिसते. त्यानंतर रस्त्यावर वायपरचा अध्याय उलट्या क्रमाने सुरू होतो. हात आता अमेरिकेचा झालेला असतो आणि माण तालुक्याच्या कोरड्या आकाशाखाली वायपर फिरू लागतात. पाऊस पडत नाही म्हणून चिंतेत असलेल्या शेतकऱ्यांना हा प्रकार क्षणभर आशादायक वाटत असल्यास नवल नाही.

सर्वांत धोकादायक वर्ग मात्र ब्रिटनमधून आलेल्यांचा आहे, कारण तेथेही वाहने डाव्या बाजूने चालत असल्यामुळे त्यांना आपण काहीच विसरलो नाही असा भ्रम असतो. ब्रिटनमध्ये समोरच्याने दिवे मिचकावले तर व्यवहारात बहुधा ‘आधी आपण निघा’ असा अर्थ घेतला जातो. कराड-विटा रस्त्यावर त्याच मिचकावण्याचा अर्थ ‘मी निघालो आहे, तुमचे तुम्ही बघा’ असा होतो. एकाच लिपीतील दोन परस्परविरुद्ध भाषा समोरासमोर आल्या असता बहुतेक वेळा ब्रिटनचा पाहुणा उसाच्या बांधावर जातो, तेथून तो व्यवस्थित परत येतो, आणि दुसऱ्या दिवशी स्पेशल सांगतो.

या विवेचनास एक सन्माननीय अपवाद आहे, तो म्हणजे गलाई व्यावसायिकाचा. त्याचा परदेश भारतातच असल्यामुळे त्याचे स्टिअरिंग उजवीकडेच राहिले, वायपर आपल्या जागी राहिला. बदलली ती फक्त पाटीवरची अक्षरे. खरसुंडीच्या सिद्धनाथाची यात्रा असो की घरचे लग्न, विटा-आटपाडीच्या रस्त्यांवर तमिळनाडू, केरळ, आंध्र अशा राज्यांच्या क्रमांकांच्या गाड्या दिसू लागतात, आणि त्यांतून अस्सल माणदेशी बोलणारी माणसे उतरतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ४७ नुसार एका राज्यात नोंदलेली गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून अधिक काळ राहिली, तर तिला नवा क्रमांक घ्यावा लागतो. माणसाने परराज्यात कितीही वर्षे काढली तरी कायदा त्याच्याकडे नवा क्रमांक मागत नाही, या सवलतीचा गलाईवाल्याने पुरेपूर लाभ घेतलेला आहे. गाडी कोइमतूरची, बोली विट्याची आणि डिकीत परतताना घातलेली ज्वारीची पोती; त्याला गाडी सांगावी लागत नाही, आणि सीट शोधावी लागत नाही. समुद्रापार गेलेला बंधू त्याच्याकडे किंचित हेव्याने पाहतो, तो यामुळेच.

समुद्रापार गेलेल्याच्या वाट्याला मात्र पुढची डावी सीटच राहते. ती सीट दोन्ही देशांत त्याची आहे. तिकडे तिच्यासमोर स्टिअरिंग आहे पण शेजारी बोलायला कोणी नाही, इकडे स्टिअरिंग नाही पण शेजारी असा मनुष्य आहे ज्याला त्याच्या आजोबांचे नाव माहीत आहे. तीन आठवडे संपत येतात तसा पायाचा जोर थोडा कमी होतो, ट्रॅक्टर दिसला तरी केवळ बोटे हलतात, आणि ड्रायव्हर रस्त्यावरची नजर न काढता म्हणतो, ‘पाव्हणं, आता जमाय लागलंय बगा तुमाला.’ नेमके काय जमू लागले आहे, हे तो सांगत नाही. विमानतळावर सोडल्यानंतर वहीच्या कागदावर केलेला हिशेब हातात पडतो: किलोमीटर, टोल, पार्किंग, भत्ता, दोन वेळचे जेवण. या भागातील गाडीमालक हिशेबात सहसा काही विसरत नाहीत. पण पाहुण्याने पुढच्या डाव्या सीटवर बसून तीन आठवडे दाबलेल्या ब्रेकचे पैसे आजवर कोणी लावलेले नाहीत.